जनीच्या पिठाला देवानं नाव ठेवलं नाही

(आषाढी वारी, तरडगाव मुक्कामी दिंडीच्या तंबूत झालेले रात्रीचे कीर्तन. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले. बोलण्यातली रूपे तशीच ठेवली आहेत.)

बसा, बसा. मागं बाया उभ्या का राहिल्यात? पुढं जागा आहे, या. पाय लांब करून बसायचं असेल त्यांनी तसं बसा, देव काही म्हणत नाही. दिवसभर त्याच्यासाठीच चालताय ना? आज चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. अश्व धावले, टापांखालची माती सगळ्यांनी कपाळाला लावली. उद्या फलटण. तेव्हा फार वेळ घेत नाही. घेतला तरी तुम्ही सांभाळून घ्याल.

सेवेला आज जनाबाईंचा दळणाचा अभंग घेतला. तो आत्ताच टाळकऱ्यांनी म्हटला, तुम्हीही म्हटला, लहान पोरांनासुद्धा पाठ आहे. त्यामुळं मी तो परत सांगत नाही. त्यात जे घडतं तेवढंच डोळ्यापुढं आणू.

जनाबाई कुठल्या? गंगाखेडच्या. परभणी जिल्हा, गोदावरीचा काठ. लहानपणीच आई गेली आणि वडिलांनी पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आणून सोडलं, असं चरित्रात येतं. दामाशेटी म्हणजे नामदेवरायांचे वडील, गोणाई ही आई. मोठं खटलं. त्या घरात जनी काय करायची? दळण, कांडण, पाणी, शेण, गोवऱ्या, धुणं, झाडलोट. पहाटेपासून रात्रीपर्यंत. आता मला सांगा, ह्याला आपण काय म्हणतो? नोकरीच म्हणतो ना! बाईनं घराबाहेर जाऊन दुसऱ्याचं काम करणं ही काय काल-परवाची गोष्ट आहे? सातशे वर्षांपूर्वी जनाबाई नोकरी करत होत्या. आणि स्वतःला नाम्याची दासी म्हणून घेताना त्यांची मान खाली नव्हती. आपल्या अभंगावर त्यांनी तीच सही केली. ज्या कामाला जग हलकं म्हणतं त्या कामाचं नाव त्यांनी आपल्या नावाला जोडलं.

बरं, ह्या तंबूत नोकरी करणाऱ्या बाया किती? हात वर करा. (हात वर होतात.) अगं बाई, निम्म्याहून जास्त. अंगणवाडीच्या ताई आहेत, आशाताई आहेत. ह्या दवाखान्यात सिस्टर. ह्या एमआयडीसीत शिफ्टला जातात. ह्या शाळेत. आणि त्या खांबाजवळच्या माऊली? तुमचा हात अर्ध्यावरच थांबला. काय करता?

(उत्तर ऐकू येत नाही.)

काय म्हणाल्या ऐकलं का? “काही नाही, रोजानं खुरपायला जाते.” काही नाही! अहो, उन्हात वाकून दिवसभर खुरपलं, संध्याकाळी येऊन भाकरी थापली, आणि विचारलं तर काय करता, तर काही नाही. माऊली, रागावू नका हं, तुमच्यावर मी हसत नाही. पण आज मला ह्याच दोन शब्दांवर बोलायचं आहे. ‘काही नाही’ हे आपल्याला कुणी शिकवलं?

विठ्ठल विठ्ठल.

मागच्या वर्षी दिवे घाट चढताना एक बाई माझ्याबरोबर चालत होत्या. एसटीत वाहक. नाव-गाव सांगत नाही, ते आपल्याला कशाला हवं? आठ दिवसांची रजा मंजूर करून घेऊन आल्या होत्या. घाटात प्रत्येक बाई थोडा थोडा वेळ तुळस डोक्यावर घेते, आळीपाळीनं. मी म्हटलं, “ताई, आता तुम्ही घ्या.” तर त्या मागं सरल्या. म्हणाल्या, “नको माई. मला नको. मी त्या लायकीची नाही.”

मला वाटलं विटाळ-बिटाळ मनात आहे. म्हटलं, वारीत असलं काही धरायचं नसतं. तर म्हणाल्या, “तसं नाही. मी ना धड आई, ना धड वाहक. दोन्हीकडं अर्धी. अर्ध्या माणसानं तुळस कशी घ्यायची?”

मग निम्मा घाट त्या बोलत राहिल्या. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांना मुक्कामी गाडी लागली होती. मुक्कामी गाडी म्हणजे काय ते गावाकडच्यांना माहीत आहे. रात्री शेवटची गाडी आडगावाला जाते, तिथंच थांबते आणि पहाटे पहिली म्हणून परत निघते. त्या रात्री घरी मुलीला ताप भरला. नवरा दुसऱ्या गावी कामाला. शेजारच्या मावशीनं मुलीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. त्या गावात फोनला रेंज नव्हती. ह्यांना कळलं सकाळी, डेपोत गाडी लागल्यावर. मुलगी तीन दिवसांत बरी झाली. आज ती अकरावीला आहे. तिला ती रात्र आठवतसुद्धा नाही, मावशीनं दिलेलं बिस्कीट तेवढं आठवतं!

मुलीचा ताप तीन दिवसांत उतरला. आईचा चार वर्षं झाली, उतरला नाही.

रोज रात्री दिवा मालवला की ह्यांच्या डोक्यात कोर्ट भरतं. फिर्यादी तीच, आरोपी तीच, न्यायाधीशही तीच. वकील मात्र कुणी नाही. साक्षीला कोण? भाजी करपली ती साक्षीला. पालकसभेला जमलं नाही, ते साक्षीला. एका प्रवाशानं चारचौघांत ‘बायकांना जमत नाही तर कशाला येतात’ म्हटलं, ते साक्षीला. निकाल रोज एकच. शिक्षाही एकच. दोन वाजेपर्यंत झोप नाही. पहाटे चारला उठून ड्युटी.

मला हे कुठंतरी ओळखीचं वाटलं. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवलं. शिक्षक खोलीत दुपारच्या डब्याला आम्ही बाया बसायचो, तेव्हा दुसरं काय चालायचं? डबा उघडला की पहिलं वाक्य, “आज काही धड झालं नाही बाई.” एकीला तरी कधी म्हणताना ऐकलं का, की आज माझी भेंडी छान झाली आहे, घ्या? मी तरी नाही ऐकलं. पुरुष बघा. त्यांनी वर्षातून एकदा चहा केला की पाहुण्यांना सांगतात! (हशा.)

असो. हसण्यावारी नको नेऊया.

मी त्या ताईंना काही उपदेश केला नाही. घाट चढताना दम लागतो, उपदेश कोण करणार? फक्त विचारलं, “त्या मुक्कामी गाडीनं पहाटे कोण कोण येतं हो?” त्या बोलायला लागल्या. दुधवाले येतात. शाळा-कॉलेजची पोरं येतात, त्यांना दुसरी गाडीच नाही. बाजाराच्या दिवशी भाजीच्या पाट्या येतात. आणि एक आजोबा आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायचे. त्यांना पायरी चढवत नव्हती. ह्या खाली उतरून हाताला धरून चढवायच्या, स्वतःच्या सीटवर बसवायच्या आणि आपण उभ्यानं तिकिटं फाडायच्या. आता मशीन आहे, फाडायच्या म्हणजे काढायच्या. आजोबा त्यांना ‘लेकी’ म्हणायचे.

मी म्हटलं, “ह्यातलं रात्रीच्या कोर्टात कोण साक्षीला येतं का?”

त्या थांबल्या. घाटात मधेच थांबल्या. म्हणाल्या, “हे तर कामच आहे माई. ह्याचं काय सांगायचं?”

बघा, इथंच मेख आहे! मी त्यांना म्हटलं, संध्याकाळी डेपोत तुम्ही हिशेब देता. पैसे कमी भरले तर तूट लिहितात ना? आणि तिकिटांचे जमा झाले ते? तेही लिहितात. एखाद्या वाहकानं कागदावर नुसती तूटच लिहिली आणि दिवसभराची जमा लिहिलीच नाही, तर तो हिशेब तुमचे साहेब घेतील का? म्हणाल्या, “घेतील कसे? खोटा हिशेब आहे तो.” म्हटलं, मग हा जो रोज रात्री देताय तो?

माऊली, आपल्याला वाटतं स्वतःला बोल लावणं म्हणजे नम्रता. मी मात्र म्हणते, पुष्कळदा ते चक्क खोटं बोलणं असतं. नम्रतेत सत्य असावं लागतं. जमा दडवून ठेवून मी कशी कंगाल, म्हणत फिरणं ह्याला नम्रता कसं म्हणायचं?

आता कुणीतरी म्हणेल, म्हणेल काय, मघाशी ते काका डोकं हलवतच होते, की माई, संतांनी तर स्वतःला पतित म्हटलंय, अपराधी म्हटलंय. तुकोबाराय स्वतःचे दोष काढतात. मग आम्ही काढले तर काय बिघडलं?

चांगला प्रश्न आहे. टाळून चालणार नाही. मला जे दिसतं ते सांगते, पटलं तर घ्या. संत हे कुणापुढं म्हणतात? पांडुरंगापुढं. त्याचे पाय धरून. लेकरू आईच्या पदरात तोंड खुपसून रडतं आणि म्हणतं, मी पडलो. ते रडणं आईला गाठायसाठी असतं. आपण अंधारात, भिंतीकडं तोंड करून, एकटीशीच बोलतो. तिथं देवही नाही आणि ऐकणारंही कुणी नाही. तुकोबांचं बोलणं त्यांना देवाजवळ नेतं. आपलं बोलणं आपल्याला देवापासून लांब नेतं. तुळससुद्धा नको म्हणायला लावतं. ही परीक्षा करून बघा. मनातलं जे बोलणं झाल्यावर हात जोडावेसे वाटतात ते संतांचं. जे झाल्यावर देवाच्या समोर जायचीही लाज वाटते, ते कुठून आलं ते शोधा.

ते बहुतेक उसनं असतं. कुणाची सासू बोललेली, कुणाचे साहेब बोललेले, कुणाच्या शेजारणीनं ‘तुझी पोरं बिचारी’ म्हटलेलं. बोलणारा विसरून गेला. आपण तो आवाज आत पोसला आणि आता तो आपल्याच आवाजात बोलतो. म्हणून तो खरा वाटतो.

भगवद्गीतेत बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं आली आहेत. तिथं सुरुवातच कशानं होते? भक्त कोणत्याही प्राण्याचा द्वेष करत नाही, सगळ्यांशी मित्राप्रमाणं वागतो, त्याच्या ठायी करुणा असते. कोणत्याही प्राण्याचा. मी भगवंताला विचारते, देवा, ह्यात ‘ही एक बाई सोडून’ असं कुठं लिहिलंय का? मुंगीवर पाय पडू नये म्हणून आपण वारीत खाली बघून चालतो. गाईला घास काढतो. कुत्र्याला दूध-भाकरी घालतो. सगळी भूतं आपल्या करुणेत आली, आणि जिच्या अंगात बसून आपण हे सगळं करतो तेवढी एकच बाहेर राहिली. तिला शिळं, तिला उरलेलं, तिला शिव्या.

सतराव्या अध्यायात तर भगवान जास्तच कडक बोलतात. जे लोक शास्त्रात नसलेलं घोर तप करतात, देहाला पिडतात, ते देहात बसलेल्या मलाही पिडतात, असं म्हणतात. आणि अशांचा निश्चय कोणता, तर आसुरी! बघा हं. उपाशी राहून, जागून, स्वतःला सोलून काढणाऱ्याला ते तपस्वी म्हणत नाहीत. आपल्याकडं मात्र ‘ती बाई स्वतःकडं बघतच नाही’ ही स्तुती आहे. लग्नात सांगतात, आमची सून चार-चार वाजता उठते, दिवसभर अन्नाचा कण नाही. अहो, ह्यात कौतुक कसलं?

त्याच अध्यायात पुढं वाणीचं तप सांगितलंय. बोलणं कसं असावं? दुसऱ्याला उद्वेग न देणारं, खरं, प्रिय आणि हिताचं. चार कसोट्या झाल्या. आपण लोकांशी बोलताना त्या लावतो. स्वतःशी बोलताना? ‘तू बिनकामाची, तुझ्यानं काही होत नाही, तुझ्यामुळं पोरांचं वाटोळं.’ उद्वेग आहे. खरं नाही. प्रिय तर नाहीच. आणि हिताचं? अशा बोलण्यानं दुसऱ्या दिवशी भाजी करपायची थांबली, असं कुणाच्या घरी झालंय? झालं असेल तर मला येऊन सांगा, मी कीर्तन बंद करते.

होतं ते उलटंच. रात्रभर स्वतःला खाल्लं, झोप झाली नाही, सकाळी डोकं तापलेलं, पोरगं दप्तर शोधत होतं त्याच्यावर ओरडली. मग त्या ओरडण्याचं नवं पाप रात्रीच्या खात्यात. हे चक्र जात्यासारखंच फिरतं. फरक एवढाच की जात्यातून पीठ पडतं, ह्यातून काहीच पडत नाही.

मग चूक झाली तर चूक म्हणायचीच नाही का? म्हणायची की. खऱ्या चुकीला तिच्या जागी नेऊन सोडायची. वाहकानं दोन रुपये कमी परत दिले तर तो खिडकीतून हाक मारून देतो, ‘ओ पावणं, तुमचे दोन रुपये’. संपलं. पोरावर ओरडलात ना? मग त्याच्याजवळ जा, डोक्यावरून हात फिरवा, ‘बाळा, माझं चुकलं’ म्हणा. दोन मिनिटांचं काम आहे. हा पश्चात्ताप. तो ज्याला लागलं त्याच्याकडं चालत जातो. आणि जे नुसतं आतल्या आत फिरतं, कुणाकडंच जात नाही, ते कुरतडणं. उंदीर कुरतडतो तसं. उंदरानं धान्य वाढवलंय कधी?

मांजर बघा. पिलाला उचलते ती दातांनीच. उंदीर फाडते तेच दात. पिलाच्या मानेला ओरखडासुद्धा नाही. दात असणं वाईट नाही, माऊली. शिस्त हवी, धार हवी. फक्त आपल्याला आपण उंदरासारखं धरायचं की पिलासारखं, एवढंच ठरवायचं.

आणि मुक्ताईला विसरून कसं चालेल? आज आपण ज्यांच्या पादुकांबरोबर चालतोय त्या ज्ञानोबारायांची गोष्ट आहे. लोकांनी टाकून बोललं, अपमान केला. माऊली झोपडीत गेली आणि ताटी लावून बसली. बाहेर कोण? धाकटी बहीण. ती काय म्हणते? ‘बरं झालं, बस आत, विचार कर तुझं काय चुकलं’, असं म्हणते का? ती दाराशी उभी राहून समजावते. जेवताना आपलेच दात आपल्याच जिभेत रुततात, तेव्हा दात कुणी उपटायला जात नाही, हा दाखला तिचाच. एक एक करून ती त्यांना बाहेर बोलावते. तिच्या त्या बोलण्याला आपण ताटीचे अभंग म्हणतो. मला नेहमी वाटतं, ज्ञानेश्वरांनासुद्धा दाराबाहेर एक मुक्ताई लागली. आपल्याला लागली तर त्यात कमीपणा कसला? तुमच्या डब्याच्या मैत्रिणींतली एखादी ताटी लावून बसली असेल तर तिच्या दाराशी जा. ‘तुझंच चुकलं’ म्हणायला जगात पुष्कळ माणसं आहेत, त्या रांगेत आपण उभं राहू नये.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते, कीर्तनात सांगायची पद्धत नसली तरी. काहींचं दुःख नुसतं मनाला लावून घेण्याइतकं नसतं. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगणंच नको असं मनात येतं. तो आजार असतो. ताप आला तर आपण ‘नाम घे, बरी होशील’ म्हणत घरात कोंडून ठेवतो का? नाम घ्यावंच, पण डॉक्टरकडं न्यावं. सरकारचा टेली मानस म्हणून फोन आहे, १४४१६. लिहून ठेवा. मराठीत बोलता येतं. हा फोन करणारी बाई भक्तीत कमी पडली असं कुणी म्हणालं, तर त्याला माझ्याकडं पाठवा.

विठ्ठल विठ्ठल. आता परत जनीकडं.

जनी दळायला बसली आणि देव दळू लागला. आपण हे इतक्यांदा ऐकलंय की त्यातलं नवल गेलं. जरा थांबून बघा. देव केव्हा आला? दळण झाल्यावर, घर सारवून, जनी आंघोळ करून, नेसूचं नीट करून बसल्यावर आला का? मधेच आला. घाम निथळतोय, केस सुटलेत, सूप अर्ध भरलेलं आहे, अशा वेळी आला आणि दुसऱ्या बाजूनं खुंटा धरला. जनीनं अंगण लोटलं तर केराची पाटी त्यानं उचलली. तिचे केस विंचरायला बसला. तुम्ही म्हणता ना, ‘जरा सगळं सुधरू दे, पोरं मोठी होऊ देत, माझं मी नीट झाले की देवाचं करीन’? देव एवढा वेळ थांबत नाही हो. तो अर्ध्या दळणातच येतो. त्या वाहक ताई स्वतःला ‘अर्धी’ म्हणत होत्या, तर देवाची यायची वेळच ती आहे.

आणि दुसरं, माझं सगळ्यात आवडतं. देवानं जनीच्या पिठाला कधी नाव ठेवलं नाही. जाडं पडलं, बारीक कर, कालचं बरं होतं, असं काही म्हणाला का तो? इतके अभंग आहेत जनीचे, देव काम करतो, ओझं उचलतो, पण तपासणीला येत नाही. तपासणीला येतात ती माणसं. आपण आपल्या आत देव बसलाय म्हणतो, आणि वागतो असं की आत तपासणी अधिकारी बसलाय.

पदकाची कथा ठाऊक आहे ना? देव रात्री जनीकडं आला, पहाटे घाईत निघताना तिची वाकळ पांघरून गेला आणि गळ्यातलं पदक तिच्याकडं राहिलं. सकाळी देवळात बोंब. पदक चोरीला गेलं. कुणी घेतलं? जनीनं! गरीब बाई, दासी, संशय दुसऱ्या कुणावर जाणार? तिला सुळावर द्यायला वाळवंटात नेलं, आणि सुळाचं पाणी झालं. आपण त्या पाण्याला हात जोडतो. जोडावेतच. पण माझं लक्ष त्याच्या आधी जातं. गाव म्हणतंय चोर. बडवे म्हणताहेत चोर. तेव्हा जनी काय करते? ती देवाला बोल लावते. तूच माझ्याकडं आलास, तूच हे करून ठेवलंस, आता ये, म्हणते. देवाशी भांडते. पण अख्ख्या गावाच्या आवाजात स्वतःचा आवाज मिसळून ‘हो, असेन मी चोर’ असं ती म्हणत नाही. सुळाचं पाणी त्यानंतर झालं.

आपल्यावर आळ येतो तेव्हा आपण पहिल्यांदा कुणाच्या बाजूला जातो? गावाच्या. गाव एकदा बोलतं, आपण शंभरदा.

नाथमहाराजांची गोष्ट त्यामानानं सोपी. पैठणला गोदावरीत आंघोळ करून यायचे आणि एक माणूस वरून थुंकायचा. एकशे आठ वेळा थुंकला म्हणतात. नाथ एकशे आठ वेळा नदीवर गेले. राग नाही आला हे आपण सांगतो. पण हेही बघा की थुंकी अंगावर ठेवून ते घरी गेले नाहीत. दर वेळी धुतली. तुम्ही दिवसभरात कुणाकुणाचं काय काय अंगावर घेता. रात्री धुता का? की तेच घेऊन झोपता? नाम हे त्यासाठीच आहे. झोपताना पाच मिनिटं. हिशेब करायचाच तर जमा आधी घ्या, आजचं एक तरी. आजोबाला गाडीत चढवलं. पोराला गणित समजावलं. चार वाफे खुरपले. ते पांडुरंगाला सांगा. मग तूट सांगा. मग दोन्ही त्याच्या पायाशी ठेवून कूस बदला.

आता पुरुष मंडळी शांत बसलीत. त्यांना वाटतंय, आजचं कीर्तन बायकांचं आहे, आपण सुटलो. (हशा.) नाही माऊली. बाईनं स्वतःवर दया करावी हे मी सांगेन, पण पहाटे चारला उठणारी एकटी तीच राहिली तर ती दया कधी करणार? तिला मनाची समजूत घालायला लावायची आणि घरातलं काम तसंच तिच्या डोक्यावर ठेवायचं, ह्याला मी अध्यात्म म्हणत नाही. कऱ्हाडच्या सखूची कथा आपण डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. देव सखू झाला, तिच्या जागी बांधून घेतला, घरचं सगळं काम केलं, म्हणून ती पंढरीला जाऊ शकली. साक्षात पांडुरंगाला भांडी घासायला लाज वाटली नाही. तुमच्या घरातल्या पांडुरंगाला वाटते का?

त्या वाहक ताई ह्या वर्षी दिंडीत नाहीत. यात्रेच्या जादा गाड्यांवर त्यांची ड्युटी लागली आहे. त्यांचा निरोप आला, “माई, माझ्या वाटची तुळस तुम्ही घ्या.” मी उलट निरोप पाठवला, की तुमच्या गाडीतून जे म्हातारे वारकरी पंढरीला उतरतील त्यांना हात द्या, आणि चंद्रभागेचं पाणी स्वतःच्याही डोळ्याला लावा. दिवे घाटात त्या दिवशी शेवटच्या वळणाला त्यांनी तुळस घेतली होती. किती वेळ धरून ठेवली म्हणता! मागच्या बाया ओरडायला लागल्या, अगं दे की आता!

बरं. पोथी मिटते. महाप्रसाद तयार आहे, वास येतोय. मघाशी त्या खांबाजवळच्या माऊली, तुम्ही आज पहिल्या पंगतीत, पहिल्या पाटावर. सगळ्याच बाया पहिल्या पंगतीला बसतील. पानं पुसायची नाहीत, पाणी वाढायचं नाही, नुसतं बसायचं. विणेकरी बुवा, वीणा दुसऱ्याकडं द्या. टाळकरी, टाळ कमरेला बांधा आणि आमटीच्या बादल्या उचला. भात आधी. आणि वाढताना विचारा, ‘माऊली, काय हवंय?’ कुणी ‘काही नाही’ म्हटलं, तर दोनदा वाढा.

बोला पुंडलिक वरदे हारी विठ्ठल!